सोजरबाईंचं अवाढव्य कुटुंब

मंडळीची यादी संगणकावर चढवायची ही कल्पना शांतवनराव भालेरावांची स्वतःची होती. ती दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी पहिल्याच बैठकीत हाणून पाडली असती, कारण केनवडच्या चर्चच्या पंचमंडळात सचिव म्हणून त्यांचं मुख्य काम तेच होतं. पण ती त्यांना स्वतःलाच सुचली, तीही ऐन प्रवचनात, आणि प्रवचनात सुचलेली गोष्ट देवाकडून आलेली असते असं मानणं त्यांच्या सोयीचं होतं.

निमित्त साधं होतं. धीरज पाळक, म्हणजे मंडळीचे तरुण पाळकसाहेब, यांनी जुन्या रजिस्टरवरून आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका आजोबांना लवकर आराम पडावा अशी देवाला विनंती केली. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. आजोबांच्या सुनेने मात्र ओठ घट्ट मिटून घेतले, आणि शांतवनरावांना ते दिसलं.

जिल्ह्याच्या चर्च कार्यालयाने तेव्हा नुकतंच एक सॉफ्टवेअर सगळ्या मंडळ्यांना फुकट देऊ केलं होतं. नाव 'मंडळीमित्र'. माणसांची माहिती भरा, बाकी सगळं आपोआप, असं त्याच्या पत्रकात छापलं होतं. कुटुंबं आपोआप जुळणार, शुभेच्छा आपोआप जाणार, वार्षिक अहवाल आपोआप जिल्ह्याला पोचणार. शांतवनरावांची उभी हयात पंचायत समितीत कारकुनी करण्यात गेली होती. तिथे छताची ओल सोडली तर आपोआप काही वाढल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्या एका शब्दावर ते भाळले.

शिवाय संगणक म्हणजे त्यांचा प्रांत. सरकारी नोकरांना सक्तीची झालेली संगणकाची परीक्षा ते दुसऱ्या खेपेला पास झाले होते आणि त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलेलं होतं. पहिल्या खेपेचा उल्लेख घरात फक्त त्यांच्या पत्नी लिलाबाई करत, आणि तोही पाहुणे असतानाच.

बातमी कुंपणापलीकडे गेली तेव्हा शेजारचे रंगराव वांग्यांचं पोतं शिवत बसले होते. त्यांनी दाभण बाजूला ठेवून सल्ला दिला. "मानसं कंप्युटरात घालू नोका, भाऊ. आमच्या सोसायटीनं घातले, त माहा मेलेला बाप जिता झाला अन् मी मेलो. अजून बी तिथी मेलेलाच हावो." शांतवनरावांनी समजावलं की ती सोसायटी होती आणि हे चर्च आहे. रंगराव म्हणाले, मग तर तुमच्याकडे मेलेले जिते व्हाची सवय असनच, आणि पुन्हा पोतं शिवायला लागले.

दुसरा सल्ला निवृत्त मास्तर शेषरावांचा. ते गावातल्या बुद्धविहाराच्या समितीचे अध्यक्ष. शांतवनराव आणि ते बालपणापासूनचे मित्र, म्हणजे एकमेकांचं कधी बरं म्हणायचं नाही इतके जवळचे. त्यांनी विचारलं, तुमच्या यादीत रकाने किती? आमच्या विहाराच्या यादीत रक्तगटसुद्धा आहे. त्या संध्याकाळी शांतवनरावांनी कागदी फॉर्मवर रक्तगटाचा रकाना हाताने आखला. चर्चच्या यादीला रक्तगट कशाला, असं पाळकसाहेबांनी भीतभीत विचारलं. शांतवनरावांनी ख्रिस्ताच्या रक्ताचा काहीतरी संबंध सांगून त्यांना गप्प केलं.

खरी गोम दुसऱ्याच रकान्यात होती. मोबाईल नंबर सक्तीचा होता.

आता केनवडला मोबाईल नव्हते असं नाही, घरटी दोन होते. पण त्या महिन्यात कोणाला तरी फोन आला, त्याने चार आकडे सांगितले आणि त्याचं खातं धुऊन निघालं. तेव्हापासून नंबर मागणाऱ्या माणसाकडे गाव चोरासारखं पाहत होतं. मग फॉर्मवर नंबर लिहायचा कोणाचा? तर चर्चमागच्या पुऱ्याने, म्हणजे तिथल्या वस्तीने, अनेक वर्षं जो लिहिला होता तोच. गॅसवाला, रेशनवाला, शाळा, दवाखाना, कोणीही विचारो, पुऱ्यातली माणसं सोजरबाईंचा नंबर देत.

सोजरबाईंची पिठाची गिरणी. त्या विधवा, मूलबाळ नाही, गिरणीमागच्या खोलीत एकट्या राहत. जिभेला धार अशी, की माणसं दळणाचा डबा ठेवून आधी घरी जात आणि मग हिशेब करायला लेकरांना पाठवत. पण प्रत्येक घराचा डबा त्यांच्याकडे असायचाच, आणि निरोप आला की पिठाबरोबर तो घरी पोचायचा. 'तुहं सिलेंडर उद्या येते' हे वाक्य कणकेच्या डब्यासोबत मिळालं की माणूस निर्धास्त व्हायचा. स्वतःचा फोन हरवतो, बंद पडतो. सोजरबाई बंद पडल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

फॉर्मवर एकसारखा नंबर पाहून शांतवनराव सगळ्यांवर उखडले असते. पण स्वतःची माहिती भरताना मंडळीमित्राने त्यांना सांगितलं की हा क्रमांक व्यवस्थापकाचा असल्यामुळे सभासद म्हणून वापरता येणार नाही. लिलाबाईंचा नंबर टाकला तर तो आधारशी जुळेना. त्यांनी चिडून सोजरबाईंचा टाकला, आणि तो एका झटक्यात स्वीकारला गेला, कारण आधारच्या वेळीही घरून तोच दिलेला होता. त्यानंतर त्यांना कोणाला बोलायला तोंड उरलं नाही.

मग त्यांनी 'अंतिम सादर' हे बटण दाबलं. खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती, की यानंतर वर्षभर बदल करता येणार नाही. पण उभ्या नोकरीत बारीक अक्षरं त्यांनी फक्त लिहिली होती, वाचायचं काम लोकांचं होतं.

मंडळीमित्र कामाला लागला. त्याचा नियम सरळ होता. एक नंबर म्हणजे एक कुटुंब. नंबर ज्याच्या नावावर तो कुटुंबप्रमुख. प्रमुखापेक्षा फार मोठे ते आईबाप आणि सासूसासरे, फार लहान ती मुलंसुना, आणि प्रमुख बाई असेल तर तिच्या वयाच्या अगदी जवळचा विवाहित पुरुष तो तिचा नवरा. शांतवनरावांचा जन्म सोजरबाईंच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी झाला होता, आणि यात त्यांचा काही दोष नव्हता.

हे कोणाला कळलंच नसतं. पण पुढच्याच आठवड्यात भालेरावांच्या लग्नाचा वाढदिवस आला आणि शुभेच्छा आपोआप गेल्या. 'श्री. शांतवन व सौ. सोजरबाई यांना विवाहाच्या वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा. प्रभू आपला संसार असाच फुलवत राहो.' खाली दोन गुलाब होते. संदेश कुटुंबातल्या प्रत्येकाला जायचा होता आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचा नंबर एकच होता, म्हणून गिरणीवरचा फोन सकाळभर वाजत राहिला. मोटार जळते की काय म्हणून सोजरबाईंनी पट्टा थांबवला. निरोप मात्र नेहमीसारखा पिठाच्या डब्यासोबत भालेरावांच्या घरी पोचला.

शांतवनराव घरी आले तेव्हा ताट वाढलेलं होतं. ताटात पोळी आणि आदल्या दिवशीची भाजी होती, आणि घरभर तुपात भाजलेल्या रव्याचा वास होता. त्यांनी वासाबद्दल विचारलं.

"शिरा केला व्हता," लिलाबाई म्हणाल्या. "म्या गिरणीवर धाडून देल्ला. जिच्या लग्नाचा वाढदिवस हाय तिनं खावा."

शांतवनरावांनी नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. नंबर, वय, व्यवस्थापक, आधार. जसजसे ते समजावत गेले तसतसं ते प्रकरण अधिकच खरं वाटायला लागलं, आणि ते थांबले. संध्याकाळी गिरणीवर जाऊन त्यांनी माफी मागितली. सोजरबाईंच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. त्यांनी गिरणीत गहू ओतणं थांबवलं नाही.

"शांतवनभाऊ, एक नवरा देवानं मले देल्ला व्हता, थो चांगला व्हता. दुसरा कराचाच असता त म्या पाहून केला असता."

शांतवनराव घरी जाताना त्या 'पाहून' या शब्दावर फार वेळ विचार करत होते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण अहवालही आपोआप जिल्ह्याला पोचला होता, आणि एप्रिलच्या शेवटी त्याचं उत्तर आलं. केनवड मंडळीची कुटुंबसंख्या नऊ, म्हणजे स्वतःचा नंबर देणारी आठ आणि सोजरबाईंचं एक. स्वतंत्र मंडळीसाठी किमान पस्तीस कुटुंबं लागतात. सबब जूनपासून केनवडची मंडळी रिसोडच्या मंडळीला जोडण्यात येत असून पाळकांची बदली करण्यात येत आहे.

पत्र वाचून पंचमंडळ सुन्न झालं. पाळक गेला म्हणजे चर्चला महिन्याकाठी एखादा रविवार मिळणार. तहसिलीत कोणासोबत जायचं, दवाखान्यात कोणाच्या उशाशी बसायचं, ही कामं धीरज पाळक करत, ती बंद होणार. कोणी वारलं तर रिसोडच्या पाळकांना एसटी मिळेपर्यंत माती थांबणार. आणि हे सगळं दुष्काळाने केलेलं नव्हतं की सरकारने केलेलं नव्हतं. ते शांतवनराव भालेरावांनी एक बटण दाबून केलं होतं.

त्यांना लाज वाटली. भयंकर लाज वाटली. आणि लाज वाटली की त्यांना राग येई, हा त्यांचा जुना स्वभाव होता. पाळकसाहेब म्हणाले, देवाची तशीच इच्छा असेल. शांतवनराव म्हणाले, देवाची इच्छा असती तर देवाने कुटुंबं बरोबर मोजली असती. पाळकांच्या पत्नी शुभांगीताई स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. शांतवनरावांनी आत जाऊन ती बरणी सोडवली आणि परत फळीवर ठेवली.

मग लढाई सुरू झाली. मंडळीमित्राच्या मदत केंद्राचा फोन कुठल्या तरी लांबच्या शहरात लागे. तिथली मुलगी फार गोड बोले. तिने सांगितलं की व्यवस्थापक म्हणून तुम्हाला आता अधिकार नाही, यादी बंद झाली आहे. सदस्य म्हणून तक्रार करता येईल, पण त्याला कुटुंबप्रमुखांची संमती लागेल. कुटुंबप्रमुखांच्या फोनवर आकडे येतील, ते लगेच सांगा.

म्हणजे शांतवनराव गिरणीवर. गिरणी चालू असली की सोजरबाईंना एखाददुसऱ्या संदेशाचा आवाज ऐकू येत नसे, आणि आकडे येऊन शिळे होत. गिरणी बंद करावी तर रांगेतल्या बाया अंगावर येत. वीज गेली की गिरणी आपसूक बंद पडे, पण त्याबरोबर गावाचा टॉवरही बंद पडे. शेवटी एकदा वीजही होती, गिरणीही थांबली होती आणि आकडेही वेळेवर मिळाले. तक्रार नोंदली गेली. उत्तर आलं: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कौटुंबिक वाद कुटुंबप्रमुखांच्या सल्ल्याने मिटवावेत.'

शेषरावांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला सुचवलं. रंगराव म्हणाले, आता तुमाले कळलं, मेलेल्या मानसाले किती फिरा लागते. शांतवनरावांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि जिल्ह्याच्या चर्च कार्यालयाच्या अधीक्षकांना एका ओळीचं पत्र लिहिलं. 'यादी चुकली आहे, मंडळी चुकलेली नाही. आम्ही पाळक सोडणार नाही.' खाली सचिव म्हणून सही केली आणि पंचायत समितीच्या सवयीने आवक-जावक क्रमांकही घातला.

त्या पत्रामुळे अधीक्षकसाहेब स्वतः आले. मे महिन्यातला रविवार होता. साहेब माणूस वाईट नव्हते. मृदू बोलत, सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत. उपासनेनंतर त्यांनी हुकूम वाचून दाखवला आणि म्हणाले की मला फार दुःख होतं, पण संगणकापुढे माझा काय इलाज. शांतवनराव उठून उभे राहिले आणि त्यांनी नंबराची सगळी कथा सांगितली. साहेब सहानुभूतीने ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "भालेराव, ही सगळी तोंडी माहिती झाली."

बाहेर मांडवात नेहमीची गडबड सुरू झाली. पुऱ्याची रीत अशी की अधीक्षक आले की प्रत्येक घर त्यांना प्रार्थनेला आणि चहाला बोलावतं, आणि अधीक्षक चारदोन घरं करून उरलेल्यांची समजूत काढतात. त्या दिवशी ऊन फार होतं, जीप सावलीत लावलेली होती. साहेबांनी हसत तोड काढली.

"अहो, तुमचं तर जवळजवळ एकच कुटुंब आहे ना. सोजरबाईंकडे घेतो चहा, म्हणजे तुम्हा सगळ्यांकडे झाला."

हुकूम वाचला तेव्हा लोक नुसते बसून होते. पण चहा नाकारणं, तोही दुसऱ्याच्या घरी पिऊन, हे आजवर पुऱ्यात कोणी केलं नव्हतं. लिलाबाई पदर खोचून पुढे आल्या.

"साहेब, तुमी तिच्या घरी जेवसान त माहं पोट भरन काय?"

तेवढ्यात शांतवनरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या क्षणी प्रवचन चालू नव्हतं, तरी ते देवाकडून आलं असं त्यांनी पुढे नेहमी सांगितलं.

"साहेब, तुमी म्हनता एक कुटुंब. आमी म्हनतो घरोघरी चूल हाय. चला मोजाले. जिथी तुमाले चा भेटला नाई, थे घर कापून टाका. मी काई बोलत नाई."

लिलाबाईंनी तिथल्या तिथे कायदा केला. कोणी कोणाच्या घरून दूध आणायचं नाही, साखर आणायची नाही, चहाची किटली इकडून तिकडे फिरली तर खबरदार. बाया आपापल्या घराकडे पळाल्या. थोड्या वेळात पुऱ्यावर धूर दिसायला लागला, कारण अर्ध्यांचे सिलेंडर संपलेले होते आणि त्यांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या.

पहिल्या घरात साहेबांनी पूर्ण प्रार्थना केली आणि भरला कप घेतला. पाचव्या घरापासून प्रार्थना आखूड झाली. जिथे दूध होतं तिथे दुधाचा चहा होता, जिथे नव्हतं तिथे लिंबाचा, एका ठिकाणी गुळाचा, एका ठिकाणी शेळीच्या दुधाचा. कुठल्याही घरात पाहुण्याला कमी साखर घालायची पद्धत नव्हती. शांतवनराव कागद घेऊन मागे चालत होते आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्या घरातल्या मोठ्या माणसाला पुढे करून विचारत होते, सांगा साहेबांना, ही चूल कोणाची. मागून पाळकसाहेब घाबरत, आणि मग हळूहळू न घाबरता, येत होते.

अर्धा पुरा झाल्यावर साहेब एका ओट्यावर टेकले. सदऱ्याला घाम फुटला होता. म्हणाले, "भालेराव, माझी खात्री पटली. उरलेली घरं मी अशीच मान्य करतो."

"नाई, साहेब," शांतवनराव म्हणाले. "त्या मंडळीमित्रानं आमाले न पाहता एक केलं. तुमी न पाहता येगळं करू नोका."

आपण अधीक्षकांना नाही म्हणालो हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ध्यानात आल्यावर त्यांना फार बरं वाटलं. साहेब उठले.

शांतवनरावांचा हिशेब पक्का होता. पस्तिशी सहज ओलांडत होती. पण पुऱ्याच्या टोकाच्या तीन घरांना कुलपं होती. ती माणसं बांधकामावर पुण्याकडे गेली होती. ती येतील, दरवर्षी पावसाआधी येतात, असं सगळ्यांनी सांगितलं. साहेबांनी मान हलवली. अट तुम्हीच घातली, म्हणाले, कुलपाने चहा दिला नाही. शांतवनरावांनी कागदावरची घरं पुन्हा मोजली. चौतीस भरली.

राहिली होती ती गिरणीमागची खोली. सोजरबाई दारात उभ्या होत्या. आत स्टोव्हवर आधण उकळत होतं. साहेब उंबऱ्यावरच थांबले.

"घरात आणखी कोण असतं?"

"कोनी नाई."

साहेबांचा आवाज खरोखर दुःखी झाला. म्हणाले, बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण नियमात कुटुंब म्हणजे किमान दोन माणसं. एकट्या माणसाला कुटुंब धरता येत नाही. शांतवनरावांनी बोलायला तोंड उघडलं, तर सोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मालक व्हते तवा आमी दोघं व्हतो. तवा हे कुटुंब व्हतं का नाई?"

"होतं."

"मंग एक गेल्यावर जे उरते, त्याले तुमच्या नियमात काय म्हनते, साहेब?"

साहेबांनी शांतवनरावांकडे पाहिलं. शांतवनरावांनी जमिनीकडे पाहिलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि सचिवाला ते शोभत नव्हतं. अख्खा पुरा गिरणीच्या दारात गोळा झाला होता. सोजरबाईंनी आत जाऊन एकच कप भरला आणि साहेबांपुढे धरला. त्यांनी तो धरूनच ठेवला.

साहेब चपला काढून आत गेले, पलंगाच्या कडेवर बसले आणि कप घेतला. चहा फार गरम होता, तरी त्यांनी तो पूर्ण संपवला. कप खाली ठेवून त्यांनी शांतवनरावांकडून कागद मागितला. नाव सांगायला शांतवनराव पुढे झाले तर सोजरबाईंनी त्यांना हाताने मागे सारलं.

"माहं घर हाय, नाव मी सांगतो," त्या म्हणाल्या. "लिहा, साहेब. पस्तिसावं."